मुक्त बॅकअप सॉफ्टवेअर : 'मुक्त' या संकल्पनेवरील मतभेदांचा ऐतिहासिक आढावा (इ. स. १९७९ ते २०२४)

प्रास्ताविक :

संगणकावरील माहितीची दुसरी प्रत काढून ती मूळ जागेपासून अलग ठेवणे यास संगणकव्यवहारात 'बॅकअप' असे म्हणतात. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात घेतले जात नाही. लेखनाचे किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर उपयोगी आहे की नाही हे ते वापरतानाच समजते. बॅकअपची उपयुक्तता मात्र मूळ माहिती नष्ट झाल्यानंतर, जतन केलेली प्रत परत मिळवण्याच्या दिवशीच सिद्ध होते. प्रत काढण्याचा दिवस आणि ती परत मिळवण्याचा दिवस यांत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते. या काळात संगणक बदलतात, कंपन्या विकल्या जातात, सेवा बंद होतात आणि परवान्याच्या अटीही बदलतात. म्हणूनच एखादे बॅकअप सॉफ्टवेअर 'फ्री' आहे असे म्हटले जाते, तेव्हा ते कोणत्या अर्थाने आणि किती काळासाठी, हा प्रश्न केवळ शब्दांचा राहत नाही.

इंग्रजीतील 'फ्री' या शब्दात विनामूल्य आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन वेगळे शब्द उपलब्ध आहेत. त्यामुळे इंग्रजी भाषकांना जो भेद वारंवार समजावून सांगावा लागतो, तो मराठी वाचकास शब्दातूनच कळतो. तथापि 'मोफत' आणि 'मुक्त' यांतील भेद मान्य केल्यानंतरही 'मुक्त' कशास म्हणावे हा वाद शिल्लक राहतोच. गेल्या चार दशकांत तो सॉफ्टवेअरच्या अनेक शाखांत झाला. बॅकअपच्या क्षेत्रात त्याला जी धार आली ती मुख्यतः वर उल्लेखिलेल्या काळाच्या अंतरामुळे होय.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती :

१) मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्या कशा घडत गेल्या हे पाहणे. २) बॅकअप सॉफ्टवेअरच्या निवडक उदाहरणांच्या आधारे या व्याख्यांवरील मतभेदांचे स्वरूप स्पष्ट करणे. ३) या मतभेदांतून माहिती परत मिळवण्याच्या हक्काविषयी काय निष्पन्न होते याचा शोध घेणे.

प्रस्तुत विवेचनासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. सॉफ्टवेअरची तांत्रिक गुणवत्ता ठरवणे हा विवेचनाचा हेतू नसून परवाना, स्वामित्वहक्क आणि जतनस्वरूप या तीन अंगांपुरतीच त्याची व्याप्ती मर्यादित आहे.

व्याख्यांची घडण :

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. मार्च १९८५ मध्ये ग्नू जाहीरनामा प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली. या संस्थेच्या फेब्रुवारी १९८६ च्या वार्तापत्रात मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या प्रथम छापली गेली. तिच्यात दोनच स्वातंत्र्ये नमूद होती. प्रत काढून ती इतरांना देण्याचे स्वातंत्र्य हे पहिले आणि सॉफ्टवेअरमध्ये बदल करण्याचे स्वातंत्र्य हे दुसरे. पुढे या यादीत भर पडली. सॉफ्टवेअर कोणत्याही कारणासाठी चालवण्याचे स्वातंत्र्य सर्वांत शेवटी समाविष्ट झाले. परंतु ते मूलभूत मानले गेल्यामुळे त्यास शून्य क्रमांक देण्यात आला. सॉफ्टवेअर चालवता येणे ही बाब आधी इतकी स्वाभाविक वाटत होती की ती स्वतंत्रपणे सांगण्याची गरज भासली नव्हती, असा याचा अर्थ लावता येतो. बॅकअपच्या संदर्भात हेच शून्य क्रमांकाचे स्वातंत्र्य पुढे सर्वाधिक वादाचे ठरले.

व्याख्येला कायदेशीर आधार देण्यासाठी ग्नू जनरल पब्लिक लायसन्स म्हणजे जीपीएल हा परवाना १९८९ मध्ये तयार झाला. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये व तिसरी २००७ मध्ये आली. या परवान्याखालील सॉफ्टवेअरमध्ये बदल करून ते वितरित करणाऱ्याने बदललेली आवृत्तीही त्याच अटींवर दिली पाहिजे, हे त्याचे मुख्य सूत्र होय. याउलट बर्कले येथील विद्यापीठाच्या परंपरेतून आलेला बीएसडी परवाना अशी अट घालत नाही. या परवान्याखालील सॉफ्टवेअर घेऊन त्यापासून बंदिस्त उत्पादन तयार करण्यास मुभा असते.

डेबियन या लिनक्स वितरणाने जुलै १९९७ मध्ये आपल्या संग्रहात कोणते सॉफ्टवेअर मुक्त मानावे याची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. फेब्रुवारी १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने त्याच तत्त्वांच्या आधारे मुक्तस्रोताची व्याख्या सिद्ध केली. कोणत्याही व्यक्तीबाबत अथवा कार्यक्षेत्राबाबत परवान्याने भेदभाव करू नये, ही त्यातील कलमे येथे विशेष महत्त्वाची आहेत. दोन्ही व्याख्यांना मान्य असलेले परवाने बहुतांशी तेच आहेत. भेद आहे तो भूमिकेचा. एक बाजू वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्याकडे नैतिक प्रश्न म्हणून पाहते, तर दुसरी बाजू खुल्या विकासपद्धतीच्या व्यावहारिक लाभांवर भर देते.

चुंबकीय फितीचा काळ : परवान्याआधीचे स्वातंत्र्य :

बॅकअपचा इतिहास मात्र या व्याख्यांहून जुना आहे. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत 'टार' हे साधन समाविष्ट होते. त्याचे नावच मुळी 'टेप आर्काइव्ह' या शब्दांवरून पडले आहे. युनिक्स स्वतः एका कंपनीच्या मालकीचे होते. त्यामुळे आजच्या अर्थाने मूळ टार मुक्त नव्हते. परंतु फितीवर माहिती कोणत्या क्रमाने लिहिली जाते हे सर्वांना ठाऊक होते. जॉन गिलमोर यांनी त्याची स्वतंत्र आवृत्ती लिहून ती सार्वजनिक अधिकारक्षेत्रात सोडली आणि तिच्यापासूनच पुढे ग्नू टार विकसित झाले. १९८८ च्या पॉझिक्स मानकात टारच्या स्वरूपाचा समावेश झाल्यानंतर ते एका सॉफ्टवेअरची मिरासदारी राहिले नाही. ग्नू टारने या स्वरूपात स्वतःची भर घातली, तेव्हा मानकापासून दूर जाणारे मुक्त साधन श्रेयस्कर की मानक काटेकोरपणे पाळणारे, असा एक उपवादही निर्माण झाला.

मेरिलँड विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या आरंभी विकसित झालेली 'अमांडा' ही प्रणाली याच परंपरेतील होय. अनेक संगणकांची माहिती जाळ्यामार्फत एका ठिकाणी आणून फितीवर उतरवण्याचे काम ती करते. तिची एक योजना मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. अमांडा स्वतःचे गुप्त स्वरूप न वापरता टार किंवा डम्प या प्रचलित साधनांनीच प्रत तयार करते आणि प्रत्येक प्रतीच्या आरंभी ३२ किलोबाइटचे शीर्षक लिहिते. त्या शीर्षकात, ही प्रत परत मिळवण्यासाठी कोणती सामान्य युनिक्स आज्ञा द्यावी, हे साध्या वाचनीय अक्षरांत दिलेले असते. अमांडा उपलब्ध नसली तरी फीत वाचता यावी, हा त्यामागील विचार होय.

मुक्त सॉफ्टवेअरच्या कोणत्याही अधिकृत व्याख्येत जतनस्वरूपाविषयी स्वतंत्र अट नाही. मूळ आज्ञासंहिता म्हणजे सोर्स कोड उपलब्ध असला की स्वरूपही कळतेच, असे त्यात गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक तत्त्वतः बरोबर असले तरी व्यवहारात अपुरे पडते. दहा वर्षांपूर्वीचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर पुन्हा बांधता येईलच, याची हमी परवाना देऊ शकत नाही. फितीवरील ३२ किलोबाइटचे शीर्षक मात्र ती काही अंशी देते.

दोन मुक्त परवान्यांचा संघर्ष : सीडीआरटूल्सचे प्रकरण :

चुंबकीय फीत महाग असल्यामुळे लहान कार्यालये व व्यक्ती यांच्यासाठी सुमारे ७०० मेगाबाइट क्षमतेची सीडी आणि नंतर ४.७ गिगाबाइट क्षमतेची डीव्हीडी हे बॅकअपचे सोयीचे माध्यम ठरले. लिनक्स आणि इतर युनिक्ससदृश प्रणालींवर सीडी लिहिण्यासाठी योर्ग शिलिंग यांचा सीडीआरटूल्स हा संच सर्वत्र वापरला जात असे. त्यातील 'सीडीरेकॉर्ड' हा भाग सीडी लिहीत असे, तर 'एमकेआयएसओएफएस' हा भाग लिहावयाच्या सीडीची प्रतिमा तयार करत असे. संच जीपीएल परवान्याखाली होता. मात्र डीव्हीडी लिहिण्याची सोय 'प्रोडीव्हीडी' या वेगळ्या आवृत्तीत होती. ती खाजगी वापरास विनामूल्य, परंतु बंदिस्त होती. एकाच लेखकाच्या एकाच संचात मुक्त आणि केवळ मोफत असे दोन्ही प्रकार शेजारी नांदत होते.

२००६ मध्ये शिलिंग यांनी या संचातील बहुतांश भागाचा परवाना बदलून सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने तयार केलेला सीडीडीएल हा परवाना स्वीकारला. एमकेआयएसओएफएस मात्र जीपीएलखालीच राहिले, कारण त्यात इतरांचेही स्वामित्वहक्क होते. वस्तुतः सीडीडीएल हाही मुक्त परवाना आहे. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने त्यास मान्यता दिलेली आहे आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनही त्यास मुक्तच मानते. पेच होता तो दोन्ही परवान्यांच्या एकत्र वापराचा. जीपीएलखालील सॉफ्टवेअर वितरित करताना ते बांधण्यासाठी लागणाऱ्या सूचनासंहितांसह सर्व भाग त्याच अटींवर उपलब्ध असले पाहिजेत, असा डेबियनमधील कार्यकर्त्यांचा अर्थ होता. बांधणीच्या सूचना ही एक स्वतंत्र कृती असून तिच्यावर जीपीएल बंधन घालत नाही, असे शिलिंग यांचे प्रतिपादन होते.

हा मतभेद मिटला नाही. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनने जुन्या जीपीएल आवृत्तीपासून 'सीडीआरकिट' ही वेगळी शाखा काढली आणि इतर अनेक वितरणांनी तिचा अंगीकार केला. शिलिंग यांनी आपलाच मूळ संच कायदेशीर असून शाखा सदोष आहे, ही भूमिका अखेरपर्यंत सोडली नाही. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

या प्रकरणातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, 'मुक्त' हा गुण एकेकट्या परवान्याचा नसून अनेक परवान्यांच्या परस्परसंबंधाचाही असतो. दोन वस्तू स्वतंत्रपणे मुक्त असूनही त्यांचे मिश्रण वितरित करता येईलच असे नाही. दुसरी गोष्ट मुक्ततेच्या पुरस्कर्त्यांना अडचणीची वाटावी अशी आहे. परवान्याच्या दृष्टीने निर्विवाद असलेल्या सीडीआरकिटचा विकास लवकरच मंदावला आणि २०१० नंतर तिची नवी आवृत्ती निघाली नाही. शाखा काढण्याचे स्वातंत्र्य आणि ती चालवणारे हात या दोन भिन्न बाबी आहेत.

बॅक्युला आणि कूटबद्धतेचा पेच :

कर्न सिबाल्ड यांनी जानेवारी २००० मध्ये आरंभलेला 'बॅक्युला' हा प्रकल्प एप्रिल २००२ मध्ये जाहीरपणे उपलब्ध झाला. मोठ्या संस्थांतील अनेक संगणकांचा बॅकअप घेणारी मुक्त प्रणाली म्हणून त्याचा प्रसार झाला. त्याचा परवाना जीपीएलची दुसरी आवृत्ती हा होता. २००६ मध्ये सिबाल्ड यांनी प्रकल्पाचे स्वामित्वहक्क विश्वस्त स्वरूपाच्या कराराने फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप या संस्थेकडे सोपवले. सॉफ्टवेअरचे हक्क एका व्यक्तीच्या हाती राहिल्यास भविष्यात ते बंदिस्त होण्याची भीती असते. विश्वस्त संस्थेमुळे ती टळावी, हा अशा करारांचा उद्देश होय.

यानंतर जो पेच उद्भवला तो कूटबद्धतेचा. बॅकअपची प्रत संस्थेबाहेर ठेवायची तर ती कूटबद्ध असणे इष्ट असते. बॅक्युलात त्यासाठी ओपनएसएसएल या ग्रंथालयाचा आधार घेतलेला होता. ओपनएसएसएल हे निःसंशय मुक्त सॉफ्टवेअर होते. परंतु त्याच्या तत्कालीन परवान्यात जाहिरातींमध्ये श्रेयनिर्देश करण्याची अट होती. आपल्या अटींव्यतिरिक्त आणखी बंधन घालण्यास जीपीएल मनाई करतो. त्यामुळे जीपीएलखालील सॉफ्टवेअर ओपनएसएसएलशी जोडून वितरित करता येते काय, असा प्रश्न उभा राहिला. जीपीएलखालील अनेक प्रकल्प यावर उपाय म्हणून खास सवलतीचे कलम परवान्यास जोडत. पण बॅक्युलात इतरांच्या स्वामित्वहक्काच्या काही संचिका होत्या आणि त्यांच्या वतीने अशी सवलत देण्याचा अधिकार प्रकल्पास नव्हता.

प्रकल्पाच्या परवानापत्रातच या अडचणीची प्रांजळ नोंद करण्यात आली. हे ग्रंथालय बॅक्युलासोबत वितरित होत नाही, सबब भंग होत नाही, असे सिबाल्ड यांचे मत त्यात नोंदलेले होते. त्याचबरोबर डेबियनप्रमाणे अधिक काटेकोर भूमिका घेणाऱ्यांना या विसंगतीची जाणीवही करून दिलेली होती. काटेकोर भूमिका स्वीकारायची तर वितरणासाठी बांधलेल्या आवृत्तीतून कूटबद्धतेची सोय वगळणे हाच मार्ग उरत होता. म्हणजे परवान्याच्या शुद्धतेची किंमत वापरणाऱ्याच्या गोपनीयतेने मोजावी लागणार होती. ओपनएसएसएलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या तिसऱ्या आवृत्तीसोबत अपाची परवाना स्वीकारला. हा परवाना जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी सुसंगत आहे, दुसरीशी मात्र नाही. अशा रीतीने या प्रश्नाची तीव्रता पुष्कळशी कमी झाली, तरी तो पूर्णतः निकालात निघाला नाही.

व्यापारी आवृत्ती आणि समाजाची आवृत्ती :

मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्यच असले पाहिजे अशी अट कोणत्याही व्याख्येत नाही. प्रश्न उपस्थित होतो तो विकासाचा खर्च कसा भागवायचा हा. बॅकअपच्या क्षेत्रात यासाठी दुहेरी आवृत्तीचा मार्ग वापरला गेला. २००५ मध्ये स्थापन झालेल्या झमांडा कंपनीने अमांडाची व्यापारी आवृत्ती बाजारात आणली. २०१२ मध्ये ती कंपनी कार्बोनाइटने विकत घेतली. बॅक्युलाच्या बाबतीत २००८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बॅक्युला सिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली. मुक्त आवृत्तीबरोबरच तिची 'एंटरप्राइझ' आवृत्ती वेगळ्या परवान्याने दिली जाऊ लागली. मोठ्या डेटाबेससाठी व आभासी संगणकांसाठी लागणाऱ्या अनेक जोडसुविधा या आवृत्तीत होत्या.

यातून प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांत दुफळी झाली. मुक्त आवृत्ती मागे पडत आहे आणि बाहेरून आलेल्या सुधारणा तिच्यात पुरेशा वेगाने स्वीकारल्या जात नाहीत, असा एका गटाचा आक्षेप होता. पूर्णवेळ काम करणाऱ्या अभियंत्यांचा खर्च कोठून तरी निघालाच पाहिजे आणि व्यापारी आवृत्तीतील काम कालांतराने मुक्त आवृत्तीतही येते, अशी दुसऱ्या गटाची बाजू होती. २०१० मध्ये शाखेच्या कामास प्रारंभ झाला. तिच्यातून 'बॅरिऑस' हा प्रकल्प उभा राहिला आणि २०१३ मध्ये त्याची पहिली आवृत्ती जर्मनीतील कोलोन येथील कंपनीच्या पाठबळाने प्रसिद्ध झाली. त्यासाठी अफेरो जीपीएलची तिसरी आवृत्ती हा परवाना स्वीकारण्यात आला. सॉफ्टवेअर जाळ्यावरून सेवा म्हणून पुरवणाऱ्यासही या परवान्यामुळे बदललेली संहिता वापरणाऱ्यांना द्यावी लागते.

येथे 'मुक्त' या शब्दाचा आणखी एक पदर उलगडतो. बॅक्युलाची मुक्त आवृत्ती प्रत्येक व्याख्येनुसार मुक्तच होती. आक्षेप परवान्यावर नसून प्रकल्पाच्या कारभारावर होता. परवाना वापरणाऱ्याला हक्क देतो. निर्णयप्रक्रियेत वाटा देत नाही. मात्र तोच परवाना असमाधानी गटास वेगळे होऊन काम पुढे नेण्याची वाट खुली ठेवतो. बॅरिऑसचा उगम हे मतभेदाचे चिन्ह आहे, तसेच मुक्ततेच्या प्रत्यक्ष वापराचेही आहे.

वाचता येणारी, पण मुक्त नसलेली संहिता :

२००० च्या दशकाच्या उत्तरार्धात बॅकअपचे केंद्र फितीकडून व सीडीकडून दूरस्थ सेवांकडे सरकू लागले. कॉलिन पर्सिव्हल यांची 'टार्सनॅप' ही सेवा या संदर्भात उद्‌बोधक आहे. वापरणाऱ्याच्या संगणकावर चालणाऱ्या तिच्या सॉफ्टवेअरची संपूर्ण संहिता कोणासही वाचता येते. परंतु त्या संहितेचा वापर व वितरण, तेही फेरफार न करता, केवळ याच सेवेच्या उपयोगासाठी करण्याची परवानगी आहे. सेवेच्या बाजूची संहिता प्रसिद्ध केलेली नाही. त्यामुळे ती मुक्त सॉफ्टवेअरच्या वा मुक्तस्रोताच्या व्याख्येत बसत नाही. गमतीचा भाग असा की, या सॉफ्टवेअरचा पाया बीएसडी परवान्याखालील टारचा आहे आणि या सेवेसाठी निर्माण केलेली 'एसक्रिप्ट' ही कूटपद्धती २००९ मध्ये मुक्तपणे जाहीर करण्यात आली.

संहिता वाचता येण्याचा लाभ जानेवारी २०११ मध्ये प्रत्यक्ष दिसून आला. कूटबद्धतेत दर वेळी बदलावयाचा एक आकडा काही आवृत्त्यांत बदलतच नव्हता. हा गंभीर दोष संहिता वाचणाऱ्या एका बाहेरच्या व्यक्तीच्या लक्षात आला. पर्सिव्हल यांनी तो जाहीरपणे मान्य करून दुरुस्त केला. संहिता खुली असणे पुरेसे आहे असे मानणाऱ्यांना हा प्रसंग आपल्या बाजूचा वाटतो आणि तो तसा आहेही. मात्र हे वाचनाचे स्वातंत्र्य होते. सेवा बंद झाल्यास तीच संहिता दुसऱ्या सेवेशी जोडण्याचे स्वातंत्र्य त्यात अंतर्भूत नव्हते.

'डुप्लिकेसी' या सॉफ्टवेअरने वेगळा मार्ग स्वीकारला. त्याची संहिता उपलब्ध असून व्यक्तिगत वापर विनामूल्य आहे. व्यावसायिक वापरासाठी मात्र परवाना विकत घ्यावा लागतो. ही अट अनेकांना न्याय्य वाटते. तथापि कार्यक्षेत्रानुसार भेद करू नये, या १९९८ च्या कलमाशी आणि कोणत्याही कारणासाठी चालवण्याच्या शून्य क्रमांकाच्या स्वातंत्र्याशी ती विसंगत आहे. याच सुमारास पुढे आलेले 'बोर्ग' आणि 'रेस्टिक' हे प्रकल्प बीएसडी परवान्याखाली आहेत. त्यांपैकी बोर्ग ही २०१५ मध्ये 'ॲटिक' या प्रकल्पापासून निघालेली शाखा होय.

केवळ मोफत असलेल्या सॉफ्टवेअरचा अनुभव याहून वेगळा आहे. 'क्रॅशप्लॅन' या उत्पादनात स्वतःच्या डिस्कवर किंवा मित्राच्या संगणकावर बॅकअप घेण्याची सोय विनामूल्य होती. ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने घरगुती आवृत्ती बंद करण्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ती संपुष्टात आली. 'मॅक्रियम रिफ्लेक्ट'ची विनामूल्य आवृत्तीही मागे घेण्यात आली; तिच्यासाठी सुरक्षाविषयक दुरुस्त्या १ जानेवारी २०२४ पर्यंतच मिळतील असे सांगण्यात आले होते. या निर्णयांत बेकायदेशीर काही नाही. दोन्ही कंपन्यांनी पूर्वसूचना दिली होती. परंतु ज्याला शाखा काढण्याचा हक्क नाही, अशा वापरणाऱ्यासमोर सूचनेच्या मुदतीत स्थलांतर करणे किंवा असुरक्षित होत जाणारी जुनी आवृत्ती सांभाळणे, एवढेच पर्याय उरतात.

चर्चा :

वरील उदाहरणांत वाद करणारे पक्ष एकाच शब्दाने वेगवेगळ्या भयांना उत्तर देत होते. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला वापरणाऱ्याच्या परावलंबनाचे भय होते. हजारो पॅकेजे वितरित करणाऱ्या डेबियनला कायदेशीर अनिश्चिततेचे भय होते. लेखकाला आपल्या श्रमांवरील नियंत्रण किंवा उपजीविका गमावण्याचे भय होते. संगणक सांभाळणाऱ्या प्रशासकाला मात्र एकच चिंता होती, ती म्हणजे ऐनवेळी प्रत परत मिळेल की नाही.

या चारही दृष्टिकोनांत प्रशासकाची चिंता सर्वांत कमी तात्त्विक वाटते. परंतु काळाचे परिमाण लक्षात घेतल्यास इतरांची मांडणी तिच्याच कसोटीवर तपासावी लागते. कालांतराने मागे घेता येणारी परवानगी ही लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गैरसोय ठरते. बॅकअपमध्ये ती आधीच साठवलेल्या माहितीवरील टांगती तलवार ठरते. या अर्थाने व्याख्येतील काटेकोरपणा हा निव्वळ पांडित्याचा हट्ट नव्हता. बदल करण्याचे व वितरणाचे स्वातंत्र्य हे येथे चैनीचे हक्क नसून, मूळ कर्ता निघून गेल्यानंतर माहिती परत मिळवण्याची ती पूर्वअट आहे.

मात्र दुसरी बाजूही नमूद करणे आवश्यक आहे. सीडीआरकिट निर्दोष परवान्यासह स्थिरावले. कूटबद्धतेच्या पेचात परवान्याचा काटेकोर अर्थ वापरणाऱ्याच्या हिताविरुद्ध गेला. आणि अमांडाच्या शीर्षकाने जी खात्री दिली ती कोणत्याही परवान्यात लिहिलेली नव्हती. परवान्याची मुक्तता आवश्यक आहे, पण पुरेशी नाही.

निष्कर्ष :

१) 'मुक्त' या संकल्पनेवरील वाद एकसंध नसून त्याचे किमान चार स्तर आढळतात : मूल्य विरुद्ध स्वातंत्र्य, वाचनीयता विरुद्ध स्वातंत्र्य, परवान्यांची परस्परसुसंगती आणि प्रकल्पाचा कारभार.

२) १९८६ च्या व्याख्येत नसलेले, कोणत्याही कारणासाठी सॉफ्टवेअर चालवण्याचे स्वातंत्र्य बॅकअपच्या क्षेत्रात मध्यवर्ती ठरले, कारण प्रत परत मिळवणे म्हणजे ते सॉफ्टवेअर पुन्हा एकदा चालवणेच होय.

३) जतनस्वरूपाची खुली व प्रचलित रचना हा घटक अधिकृत व्याख्यांच्या बाहेर राहिला. १९७९ मधील टारचे दीर्घायुष्य त्याचे महत्त्व सिद्ध करते.

४) शाखा काढण्याचा हक्क हाच मुक्त आणि केवळ मोफत सॉफ्टवेअरमधील निर्णायक भेद होय. बॅक्युलापासून बॅरिऑस निघू शकले. क्रॅशप्लॅनच्या घरगुती आवृत्तीपासून काहीही निघू शकले नाही.

गुणपत्रके, प्रबंध, हस्तलिखितांच्या प्रतिमा व सेवापुस्तके यांचे दीर्घकाल जतन करण्याची जबाबदारी असलेल्या शिक्षणसंस्थांना या इतिहासाचा बोध थेट उपयोगी आहे. बॅकअपचे साधन निवडताना ते आज किती रुपयांना मिळते, हा प्रश्न अखेरचा असावा. ते बनवणारा उद्या नसल्यास ते चालवण्याचा व दुरुस्त करण्याचा हक्क कोणाकडे राहील, आणि ते साधनच नसल्यास जतन केलेली प्रत अन्य मार्गाने उघडता येईल काय, हे प्रश्न आधी विचारले जावेत. त्यांचे उत्तर कागदोपत्री मिळाल्यावर एकदा प्रत परत मिळवूनही पाहावी. या क्षेत्रात मुक्ततेची कसोटी प्रत काढतेवेळी नव्हे, तर ती उघडतेवेळी लागते.